उडता कंदील आणि बांधलेला दिवा

शरद पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काशीच्या घाटांवर दररोज सायंकाळी आकाशदीप चढविले जातात. घाटाच्या पायऱ्यांवर उंच वेळू उभे केलेले असतात. प्रत्येक वेळूच्या शेंड्याजवळ एक लहानशी कप्पी असते व तिच्यावरून दोर खाली सोडलेला असतो. बांबूच्या विणीच्या दुरडीत तेलाची पणती ठेवून दोर ओढला, की दुरडी डुलत डुलत वर जाते आणि तिच्या फटींतून पाझरणारा प्रकाश नदीवरून दूरवर दिसतो. पितरांना वाट दिसावी म्हणून हा दिवा लावावयाचा, अशी श्रद्धा आहे. उत्तरेकडील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून तेथील कार्तिक आपल्याकडील आश्विनाच्या वद्य पक्षातच सुरू होतो, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. पंचगंगा घाटावर तर ह्या दिव्यांसाठी दगडी दीपस्तंभच उभा आहे. त्याला ‘हजारा’ म्हणतात आणि तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला असे परंपरेने सांगितले जाते. १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा बांधविणाऱ्या त्याच ह्या अहिल्याबाई.

आकाशदीपांचा हा महिना संपत येतो, त्याच सुमारास उत्तर भारतात विवाहांचे मुहूर्त सुरू होतात. कार्तिक शुद्ध एकादशीला चातुर्मास संपतो, देव जागे होतात आणि पाठोपाठ मांडव पडू लागतात. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत ‘खरमास’ म्हणून विवाह थांबतात. पुढे पुन्हा सुरू होतात. त्या प्रांतातील विवाह बहुधा रात्री लागतात. वरात रात्रीची, मंडप उघड्या मैदानात किंवा नदीकाठी, आणि जेवणावळी मध्यरात्रीपर्यंत. दिवसा किंवा गोरज मुहूर्तावर अक्षता टाकून मोकळे होणाऱ्या मराठी मंडळींना ह्याचे थोडे नवल वाटते. अलीकडे गंगेच्या काठी येऊन विवाह करण्याची हौस दूरदूरच्या कुटुंबांतही वाढली आहे. रात्र, नदी आणि मोकळे आकाश ही तिन्ही एकत्र आली म्हणजे आतषबाजीच्या जोडीला आणखी एका शोभेचा विचार यजमानाच्या मनात सहज येतो. वधूवरांनी कागदाचा मोठा कंदील दोन्ही हातांनी धरावयाचा, त्याखालील वात पेटवावयाची आणि कंदील फुगला की सोडून द्यावयाचा. पाहुण्यांनीही आपापले कंदील सोडले, की क्षणभर तारांगणच खालून वर निघाल्यासारखे दिसते.

ह्या वस्तूला मराठीत अजून ठरलेले नाव नाही. ‘आकाशकंदील’ हा आपला शब्द दिवाळीत दारावर टांगावयाच्या कंदिलाला केव्हाच देऊन झाला आहे आणि काशीच्या ‘आकाशदीपा’चेही तसेच. म्हणून येथे त्याला ‘उडता कंदील’ म्हटले आहे. नावाचा हा भेद क्षुल्लक नाही. घरावरचा आकाशकंदील आणि घाटावरचा आकाशदीप दोन्ही दोराने बांधलेले असतात. उडत्या कंदिलाला दोर नसतो. त्याच्या सौंदर्याचे कारण ते आहे आणि धोक्याचेही तेच.

कंदील वर का जातो?

उडत्या कंदिलाची रचना अगदी साधी आहे. पातळ कागदाची, वरून बंद व खालून उघडी अशी पिशवी. तिच्या तोंडाशी बांबूच्या कामटीचे कडे. कड्यावर ताणलेली बारीक तारेची फुली. आणि फुलीच्या मध्यभागी मेणात भिजविलेला कापसाचा किंवा कागदाचा बोळा. बोळा पेटला की पिशवीतील हवा तापते. तापलेली हवा पसरते. पिशवीत मावत नाही इतकी हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि आत उरलेली हवा बाहेरच्या तेवढ्याच हवेपेक्षा वजनाने कमी भरते. पाण्यात बुडविलेल्या लाकडाला पाणी जसे वर ढकलते, तसेच भोवतालची थंड व जड हवा ह्या पिशवीला वर ढकलते. आर्किमिडीजने द्रवपदार्थांविषयी सांगितलेला नियम हवेलाही लागू पडतो, एवढेच ह्यात आहे.

परंतु किती वजन उचलले जाते, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. एका कंदिलात २५० लिटर हवा मावते असे धरू. तेलाच्या २०० लिटरच्या पिंपापेक्षा हे आकारमान थोडे अधिक आहे. हवेला वजन नसते, हा आपला नेहमीचा समज येथे सोडावा लागतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातील रात्री, हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअस असताना, एवढ्या आकारमानाच्या हवेचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते. आता कागद, कामटी, तार व मेणाचा बोळा मिळून कंदिलाचे वजन ६० ग्रॅम आहे असे समजू. कंदील उचलला जावयाचा तर आतील हवा ३०० ऐवजी २४० ग्रॅम उरली पाहिजे. वायूचे आकारमान त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून येणारी संख्या. १५ अंशांचे झाले २८८. २८८ ला ३०० ने गुणून २४० ने भागले की ३६० येतात. त्यातून २७३ वजा केले की उरतात ८७. म्हणजे आतील हवा सरासरी ८७ अंशांपर्यंत तापली, बाहेरच्या हवेपेक्षा ७२ अंशांनी अधिक झाली, की कंदील तरंगू लागतो. त्याहून थोडी अधिक तापली की तो हातातून सुटतो.

हेच गणित मे महिन्यातील रात्रीसाठी करून पाहावे. बाहेरचे तापमान ३५ अंश असेल, तर त्या विरळ हवेचे २५० लिटरचे वजन सुमारे २८० ग्रॅमच भरते. आता आतील हवा २२० ग्रॅमपर्यंत उतरली पाहिजे आणि त्यासाठी तिला जवळजवळ ११९ अंशांपर्यंत तापवावे लागते. फरक ७२ अंशांवरून ८४ अंशांवर गेला. म्हणून थंडीत चटकन उडणारा कंदील उन्हाळ्यात हट्टी होतो. तो हातात रेंगाळतो, एका बाजूला कलंडतो, कधी डोक्याच्या उंचीवर जाऊन परत खाली येतो. वैशाखातील विवाहात मंडपाचे कापड किंवा पाहुण्यांची वस्त्रे कंदिलामुळे पेटण्याचा संभव अधिक, ह्याचे एक कारण हे आहे. कंदील उडत नाही असे पाहून माणसे तो अधिक वेळ धरून ठेवतात. वात तर जळतच असते.

त्या लहानशा वातीची शक्तीही कमी लेखू नये. २० ग्रॅम मेण पूर्ण जळाले तर त्यातून आठशे किलोजूलांहून अधिक उष्णता निघते. हे मेण आठ मिनिटांत जळत असेल, तर ज्वालेची शक्ती सुमारे पावणेदोन किलोवॅट होते. न्हाणीघरात पाणी तापविण्यासाठी बादलीत सोडावयाच्या विजेच्या मोठ्या दांडीइतकी ती आहे. ती दांडी कागदाच्या पिशवीखाली धरून कोणी गावभर फिरणार नाही.

वारा कोठे असतो?

कंदील सोडण्यापूर्वी जाणता माणूस वाऱ्याची चौकशी करतो. रुमाल हवेत धरून पाहतो, उदबत्तीचा धूर कोणीकडे वळतो ते पाहतो आणि वारा पडलेला आहे, आता सोडण्यास हरकत नाही, असे सांगतो. हिवाळ्यातील गंगातीरी हे अनुमान चुकीचे ठरते. त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे.

स्वच्छ आकाशाच्या थंड रात्री जमीन आपली उष्णता वर आकाशात फेकून देते आणि झपाट्याने निवते. तिला टेकलेली हवाही निवते. परिणामी जमिनीलगत थंड हवेचा एक थर साचतो व त्याच्यावर तुलनेने ऊबदार हवा राहते. दिवसा वर जावे तसे थंड होत जाते. अशा रात्री शंभर-दोनशे मीटरपर्यंत उलट घडते. ह्याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. गंगेच्या मैदानातील हिवाळी धुके आणि शहरांवर साचून राहणारा धूर ही त्याचीच देणगी आहे. थंड व जड हवा खाली बसलेली असल्यामुळे वरची हवा तिच्यात मिसळत नाही. खालचा थर वरच्या वाऱ्यापासून जणू तोडला जातो. घाटावर पणतीची ज्योत हलत नाही. पण दोन-तीनशे मीटर उंचीवर मात्र वारा चांगला वाहत असतो. जमिनीच्या घर्षणातून सुटका झाल्यामुळे रात्री तो दिवसापेक्षाही वेगवान होऊ शकतो. घाटावरच्या रुमालाला ह्याची वार्ता नसते. कंदील मात्र काही मिनिटांत तेथे पोहोचतो.

शिवाय वर जाताना तो हलका होत असतो. मेण जळत जाते, ६० ग्रॅमांचे ४० ग्रॅम होतात आणि ज्वाला विझेपर्यंत तो चढतच राहतो. ज्वाला विझल्यावरही तो लगेच कोसळत नाही. ४० ग्रॅमांना उचलून धरण्यास आतील हवा ५९ अंशांची असली तरी पुरते. तेथपर्यंत ती निवली की कंदील उतरू लागतो आणि सेकंदाला सुमारे दीड मीटर ह्या वेगाने खाली येतो. समजा, तो ४०० मीटर उंचीवर होता. उतरण्यास साडेचार मिनिटे, आधीची आठ मिनिटे, असा साडेबारा मिनिटांचा प्रवास झाला. वरचा वारा तासाला अवघे आठ किलोमीटर असला, तरी तेवढ्यात कंदील दीड किलोमीटरहून अधिक अंतर तोडतो. धुके असेल तर तो कोठे उतरला हे सोडणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. तोपर्यंत सप्तपदी चालू झालेली असते.

आणि हा हिशेब सर्व काही सुरळीत झाले तर. कागद कोठे फाटला, कंदील कलंडून ज्वाला कागदाला लागली, तारेत किंवा झाडात तो अडकला, तर वात पेटलेलीच असताना तो खाली येतो. मेणाचा बोळा ज्वाला विझल्यानंतरही काही काळ धुमसत असतो, हेही येथे विसरता येत नाही.

कंदील कोठे उतरतो?

काशीचा नकाशा समोर ठेवून हा प्रश्न विचारावा. येथे गंगा उत्तरेकडे वळते. सारे जुने शहर तिच्या पश्चिम तीरावर, अस्सीपासून राजघाटापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटर पसरलेल्या घाटांच्या मागे, एकमेकांना खेटून उभे आहे. समोरचा पूर्वतीर बराचसा वाळूचा. हिवाळ्यात ह्या मैदानात बहुधा पश्चिमेकडून वारा वाहतो. तेव्हा घाटावरून सोडलेला कंदील नदी ओलांडून वाळवंटाकडे जाईल आणि ते बरेच आहे, असे कोणी म्हणेल. परंतु नदीत नौका असतात. त्यांवर ताडपत्र्या, दोर, इंधन आणि उत्सव पाहावयास आलेली माणसे असतात. वाळवंटापलीकडे गावे आहेत, शेते आहेत आणि धानाची कापणी होऊन गेल्यावर पेंढ्याच्या गंजी उभ्या असतात. एप्रिलात त्याच शेतांत गहू पिकून वाळलेला असतो व पश्चिमेकडील कोरडा वारा जोरात असतो. उभ्या गव्हाला आग लागली म्हणजे वाऱ्यापुढे धावणारी ती आग विझविणे किती कठीण असते, हे खेड्यातील माणसाला सांगावयास नको.

वारा पूर्वेकडून असला तर कंदील शहरावर येतो. तेथे दोन माणसांनी अंग चोरून एकमेकांना ओलांडावे अशा गल्ल्या आहेत. अग्निशामक बंब त्यांच्या तोंडाशीच थांबतो. गच्च्यांवर अडगळ असते, वाळत घातलेले कपडे असतात, विजेच्या तारांची जाळी असते. विणकरांच्या मोहल्ल्यांत हातमागांवर रेशीम चढविलेले असते. ज्या शालूने वधू नटते तो तेथेच विणला गेलेला असण्याचा संभव पुष्कळ. मणिकर्णिकेच्या घाटावर चितांसाठी आणलेल्या लाकडांचे घराएवढाले ढीग उघड्यावर रचलेले असतात. शहराच्या वायव्येस बाबतपूरला विमानतळ आहे. तिकडील मंगल कार्यालयांत होणाऱ्या विवाहांना ह्या गोष्टीचाही विचार करावा लागतो.

अन्यत्र काय घडले, ते तारीखवार नोंदलेले आहे. इंग्लंडमध्ये स्मेदिक ह्या गावी ३० जून २०१३ च्या रात्री प्लॅस्टिक व कागद पुन्हा वापरात आणण्याच्या एका कारखान्याच्या आवारात उडता कंदील पडला. तो पडताना तेथील पहाऱ्याच्या कॅमेऱ्याने टिपला. सुमारे एक लाख टन माल पेटला. दोनशेच्या आसपास अग्निशामक जवान लढत होते. एका कंदिलाचे वजन आणि पेटलेल्या मालाचे वजन ह्यांची तुलना वाचकाने स्वतःच करावी. दुसरी घटना जर्मनीतील क्रेफेल्ड येथील प्राणिसंग्रहालयाची. २०२० सालाचे स्वागत करीत असता सोडलेले कंदील तेथील वानरगृहाच्या छपरावर उतरले व ते जळून खाक झाले. ओरांगउटान, गोरिला यांसह तीसहून अधिक प्राणी मेले. दोन चिंपांझी तेवढे वाचले. असे कंदील सोडण्यास त्या प्रांतात २००९ पासूनच बंदी होती. बातमी ऐकून एका कुटुंबातील आई व दोन मुली स्वतःहून पोलिसांकडे गेल्या. कोणाचे वाईट करावे असे त्यांच्या मनात नव्हते. नव्या वर्षासाठी शुभेच्छा म्हणून त्यांनी ते सोडले होते.

आपल्याकडेही मुंबई पोलिसांनी दिवाळीच्या सुमारास उडत्या कंदिलांची विक्री व वापर ह्यांना मनाई करणारे आदेश वेळोवेळी काढले आहेत. अहमदाबादचे उदाहरण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. तेथे उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, रात्री पतंगाच्या दोरावर मेणबत्ती लावलेले कागदी कंदील ओवून चढविण्याची जुनी रीत आहे. त्यांना ‘तुक्कल’ म्हणतात. काळ्या आकाशात ही दिव्यांची माळ पतंगाच्या ओढीने डोलत असते आणि तिचे एक टोक माणसाच्या हातात असते. पुढे बाजारात आयते उडते कंदील आले व तेही तुक्कलच म्हणून विकले जाऊ लागले. पोलिसांच्या आदेशांत ज्यांना मनाई केली जाते ते हे दुसरे, ‘चिनी तुक्कल’. नाव एक राहिले आणि दोर गेला.

जुना शोध, जुनी भीती

कंदिलाचे मूळ चीनमधले. तेथे त्याला ‘कोंगमिंग कंदील’ म्हणतात. कोंगमिंग हे तिसऱ्या शतकातील सेनानी व मंत्री झूगे ल्यांग ह्याचे दुसरे नाव. शत्रूच्या वेढ्यात सापडला असता त्याने असे कंदील सोडून मदत मागविली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. तैवानमधील पिंगशी व थायलंडमधील चिआंग माई येथील कंदिलांचे उत्सव आज जगप्रसिद्ध आहेत. विवाहातील शोभेची कल्पना अशा उत्सवांच्या चित्रांवरूनच सर्वत्र पसरली. पण चित्रात कंदील वर जाताना दिसतात. उतरताना कोणी त्यांचे चित्र घेत नाही. थायलंडमध्ये त्या दिवसांत विमानांची उड्डाणे रद्द करावी लागतात, हेही चित्रात येत नाही.

युरोपात हा प्रयोग प्रथम राजदरबारात झाला. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बार्तोलोमेउ दे गुस्मांव ह्या पाद्र्याने १७०९ च्या ऑगस्टमध्ये लिस्बन येथे पोर्तुगालच्या राजासमोर कागदाचा एक लहान फुगा तप्त हवेने वर चढवून दाखविला. दालनातील पडदे पेटतील ह्या भीतीने सेवकांनी तो पाडून टाकला, असे सांगतात. आपल्या मते त्या सेवकांना विज्ञान कळत नसले तरी आग कळत होती. पुढे १७८३ च्या जूनमध्ये फ्रान्समधील आनोने येथे माँगोल्फिए बंधूंनी मोठा फुगा उडविला. धुरातच काही विशेष हलका वायू असतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते मुद्दाम ओले गवत व लोकर जाळीत. धूर आवश्यक नाही, उष्णता पुरे, हे कळावयास थोडा काळ जावा लागला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला शार्ल ह्या शास्त्रज्ञाचा हायड्रोजनने भरलेला फुगा पॅरिसहून सुटला आणि गोनेस गावाजवळ पडला. आकाशातून आलेली ती हलती, घाणेरड्या वासाची वस्तू पाहून घाबरलेल्या शेतकऱ्यांनी काट्या-कोयत्यांनी तिच्या चिंध्या केल्या. शहरातील विद्वानांनी त्या अडाणीपणाची पुष्कळ थट्टा केली. ज्यांच्या अंगणात ती न विचारता येऊन पडली, त्यांची बाजू मात्र कोणी फारशी ऐकली नाही.

गुस्मांवच्या जन्मभूमीत, ब्राझीलमध्ये, संत योहानाच्या जूनमधील उत्सवात कागदी फुगे आगीवर तापवून सोडण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. अरण्यांना व वस्त्यांना लागणाऱ्या आगींमुळे तेथे १९९८ च्या पर्यावरणविषयक कायद्याने असे फुगे बनविणे, विकणे, नेणे व सोडणे हा गुन्हा ठरविण्यात आला. आपली लाडकी प्रथासुद्धा एखादा समाज समजूनउमजून बाजूला ठेवू शकतो, असे ह्यावरून दिसते.

कंदील विकणारे म्हणतात की नवा माल निर्धोक आहे. कागदावर लवकर न पेटण्याची प्रक्रिया केलेली असते, तार काढून तिच्या जागी जळून जाणारा दोरा लावलेला असतो. ह्यांपैकी काही सुधारणा खऱ्या आहेत. तारेचे तुकडे चाऱ्यातून गुरांच्या पोटात जातात आणि त्यांनी जनावर मरू शकते. तेवढे तरी टळेल. पण कागद पेटला नाही तरी बोळा पेटलेला असतो, आणि पेंढ्याची गंज कागदाची जात विचारीत नाही. कंदिलाला लांब दोर बांधून तो धरून ठेवावा, असेही सुचविले जाते. दोराचे वजन त्या उरलेल्या आठ-दहा ग्रॅमांच्या शक्तीतून जाते आणि थोड्याशा वाऱ्यात बांधलेला कंदील आडवा होऊन स्वतःच पेट घेतो. तेव्हा हा उपाय कागदावरच राहतो.

काशीच्या यजमानाला दिव्यांची शोभा हवी असेल, तर तिची सोय त्या घाटांवर आधीच आहे. वेळू, कप्पी, दोर व दुरडी ह्यांना फारसा खर्च येत नाही. दुरडीच्या विणीतून तापलेली हवा निघून जाते, म्हणून ती उडत नाही. आणि तीच वीण वाऱ्याचा झोत मोडते, म्हणून पणती विझत नाही. वधूवरांनी दोर ओढून आपला दिवा चढवावा, पाहुण्यांनी आपले चढवावेत, आणि मंडप व वेळू ह्यांत पुरेसे अंतर ठेवावे. पणतीऐवजी विजेरीचा लहान दिवा ठेवला तरी खालून तो वेगळा ओळखू येत नाही. मध्यरात्री दोर सैल केला की सर्व दिवे जेथून चढले तेथेच उतरतात व मोजून घेता येतात.

शाळेसाठी एक प्रयोग

तप्त हवा हलकी असते, हे पाहण्यासाठी कंदील उडविण्याची गरज नाही. सुमारे एक मीटर लांबीची सरळ व हलकी काठी घ्यावी. तिच्या मध्यभागी दोरा बांधून ती टांगावी. दोन्ही टोकांना सारख्या आकाराच्या दोन मोठ्या कागदी पिशव्या, तोंडे खाली करून, दोऱ्यांनी लटकवाव्यात. काठी आडवी, समतोल राहील अशा रीतीने दोरे सरकवून घ्यावेत. खोलीतील पंखा बंद असावा आणि मुलांनी जवळ येऊन श्वास सोडू नये. हा तराजू फार हळवा असतो. आता एका पिशवीच्या तोंडाखाली, हातभर अंतरावर, साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा विजेचा दिवा ठेवून पेटवावा. उघडी ज्योत वापरू नये. थोड्याच वेळात त्या बाजूची पिशवी वर चढेल आणि दुसरी खाली जाईल. जी खाली गेली तिच्यात काहीही घातलेले नाही, हे मुलांना दाखवून द्यावे आणि मग ती जड का झाली, असे विचारावे. बहुतेक मुले पहिले उत्तर चुकीचे देतात.

नंतर दिवा बंद करावा. पिशवी लगेच खाली येत नाही. काठी पुन्हा आडवी होईपर्यंत किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजावे आणि फळ्यावर लिहावे. सेकंदाला दोन मीटर वाहणाऱ्या वाऱ्यात ती पिशवी तेवढ्या वेळात शाळेपासून किती लांब गेली असती, ते मुलांनी गुणाकार करून काढावे, आणि तेथे आज काय आहे ते गावाच्या नकाशावर शोधावे.